फोन लागला नाही

वकीलबाईंनी दिलेली वाक्यं चार होती, आणि पाचवं घालायचं नाही अशी सक्त ताकीद होती.

"मी दिवाळखोरीचा अर्ज केलेला आहे. अर्ज क्रमांक चारशे बारा. पुढचं माझ्या वकिलांशी बोला. इथे पुन्हा फोन करू नका." एवढं म्हणायचं आणि फोन ठेवून द्यायचा. बाईंनी हे एका कार्डाच्या पाठीवर स्वतःच्या हातानं लिहून दिलं आणि लॉन्ड्रीवाल्याकडून समोर बसवून दोनदा म्हणवून घेतलं. दोन्ही वेळा त्यानं सुरुवात "माफ करा" अशी केली.

"माफ करा कुठे लिहिलंय?" बाईंनी विचारलं.

"लिहिलेलं नाही. पण माणसाचे पैसे देणार नाही म्हणायचं, तर निदान..."

"माफी मागितलीत की ते तिकडे खुर्ची ओढून आरामात बसतात. अर्धा तास हलत नाहीत. तुम्हाला फोन बंद व्हायला हवेत की त्यांच्याशी घरोबा करायचाय?"

फोन बंद व्हायला हवे होते. त्याबद्दल घरात दुमत नव्हतं. गेलं वर्षभर दिवसाला वीस-पंचवीस फोन येत होते आणि फोन करणारी माणसं आता घरातल्यासारखी झाली होती. लॉन्ड्रीवाल्याच्या बायकोनं त्यांना नावंसुद्धा ठेवली होती. एक होती 'साखरबाई', ती बँकेतून बोलायची आणि इतकं गोड बोलायची की फोन ठेवल्यावर चहात साखर नको वाटायची. एक होता 'फौजदार', तो "घरी माणसं पाठवू का?" याच वाक्यानं सुरुवात करायचा. आणि एक 'खोकला' होता. तो बिचारा दोन शब्द बोलला की पाच वेळा खोकायचा, आणि खोकून झाल्यावर आपण कुठल्या हप्त्याबद्दल बोलत होतो ते लॉन्ड्रीवाल्यालाच विचारायचा. लॉन्ड्रीवाला सांगायचाही. हा माणूस असा होता.

त्याचं दुकान बावीस वर्षांचं. कपडे ड्रायक्लीन करणं आणि कडक इस्त्री, हे दोनच धंदे. त्याच्या हातून गेलेल्या पँटची घडी आठवडाभर मोडायची नाही, म्हणून गल्लीत त्याला सगळे 'कडकसाहेब' म्हणायचे, आणि तो मुळात इतका मऊ होता की या नावातली गंमत कळायला लोकांना दोन भेटी लागायच्या. कुठल्या डागाला काय लागतं हे त्याला झोपेतून उठवून विचारा. शाईला काय, गंजाला काय, रक्ताला थंडच पाणी का. पण माणसं सूट घालायची बंद होतील आणि घराघरात न चुरगळणारे शर्ट येतील, हे काही त्याला कुणी सांगितलं नाही. त्यानं नेमकं त्याच वर्षी मोठं यंत्र घेतलं. यंत्र चांगलं होतं. त्यात घालायला कपडे नव्हते.

यंत्राचे बरेचसे पैसे बँकेचे होते, आणि उरलेले ताईचे.

ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. लग्न केलं नाही, तीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या कचेरीत आवक-जावक सांभाळली. म्हणजे आलेल्या प्रत्येक कागदाला नंबर घालायचा, गेलेल्या प्रत्येक कागदाला नंबर घालायचा, आणि शेऱ्याच्या रकान्यात त्याचं पुढे काय झालं ते एका ओळीत लिहायचं. कचेरीत साहेब बदलले, टेबलं बदलली, पण ताईच्या वहीत कधी एक खोटी ओळ सापडली नाही. एकदा एका साहेबानं मागची तारीख घालून कागद घ्यायला सांगितला, तर ताईनं त्या सांगण्यालाच आवक नंबर दिला. साहेब त्यानंतर तिच्या टेबलाकडे फिरकला नाही.

निवृत्तीनंतर ही सवय घरी आली. गॅसवाल्याची पावती, वीजबिल, दरवाजात टाकून गेलेल्या जाहिराती, सगळ्याची डाव्या पानावर आवक. तिनं केलेले फोन, टाकलेली पत्रं, उजव्या पानावर जावक. दर रविवारी सकाळी दहाच्या ठोक्याला ती धाकट्या भावाला फोन करायची आणि त्याचीही नोंद व्हायची.

"ताई, आज माझा नंबर काय?" तो चिडवायचा.

"एकशे सदतीस," ताई गंभीरपणे सांगायची. खरंच तेवढाच असायचा.

फोन तीन मिनिटांचा. जेवणखाण नीट आहे का, गुडघा काय म्हणतो, दुकान कसं आहे. निवृत्तीचे पैसे यंत्रात घातल्याला चार वर्षं झाली, पण पैशाचा शब्द तिनं एकदाही काढला नाही. मागणाऱ्या माणसाला निदान खोटं तरी सांगता येतं. न मागणाऱ्याचं काय करायचं हे लॉन्ड्रीवाल्याला कधी कळलं नाही, आणि दर रविवारी तीन मिनिटं त्याचा जीव टांगणीला लागायचा.

ती चार वाक्यं मिळायच्या आधी अर्जाची वेळ आली होती. वकीलबाईंच्या खोलीत एक पंखा होता, तो कागद उडवण्यापुरता चालायचा. ज्यांचं ज्यांचं देणं आहे त्यांची यादी करायची होती. लॉन्ड्रीवाल्यानं आठ नावं घातली. बँक, दुसरी बँक, यंत्राची कंपनी, दुकानाचा मालक, असं करत करत आठवा साबणवाला. आणि पेन तसंच हातात धरून बसला.

"नववं?" बाईंनी विचारलं.

"नववं नाही."

"मग पेन खाली ठेवा की."

तो काही पेन ठेवेना.

"बहीण आहे," तो म्हणाला. "पण तिनं कधी मागितले नाहीत हो."

"मागितले नाहीत म्हणजे द्यायचे नाहीत असं नव्हे. यादीतून एक नाव लपवलंत आणि कोर्टाला कळलं, तर सगळा अर्ज जाईल. मग तो तुमचा फौजदार आणि तुम्ही."

त्यानं ताईचं पूर्ण नाव लिहिलं, पत्त्यासकट. ताईचं असं पूर्ण नाव त्यानं जन्मात कधी लिहिलं नव्हतं. कागदावर ते कुणा परक्या बाईचं वाटायला लागलं.

"या सगळ्यांना कोर्टाची नोटीस जाईल," बाई म्हणाल्या. "त्यानंतर कुणी तुम्हाला वसुलीसाठी फोन करायचा नाही, पत्र पाठवायचं नाही, दारात यायचं नाही. बहिणीला आधी तुम्ही सांगून ठेवा."

"सांगतो," लॉन्ड्रीवाला म्हणाला. "मीच सांगतो."

त्या रविवारी ताईचा फोन आला तेव्हा तो सांगणार होता. ताईनं गुडघ्याचं विचारलं, तो गुडघ्याचं बोलत बसला. पुढच्या रविवारी सांगू म्हणाला. माणूस स्वतःला किती सहज उधारी देतो!

इकडे चार वाक्यांचं काम मात्र झकास चाललं होतं. पहिले दोन दिवस तोंडातून "माफ करा" सुटायचं आणि साखरबाई तेवढ्यावर पंधरा मिनिटं काढायची. तिसऱ्या दिवसापासून त्याला जमायला लागलं. फौजदाराला त्यानं चारही वाक्यं एका दमात ऐकवली, आणि पलीकडे एकदम शांतता झाली. बायको ओट्यापाशी उभी राहून ऐकत होती, तिनं हातातलं फडकं हवेत फिरवलं. खोकल्याला ऐकवलं तेव्हा तो आधी खोकला आणि मग म्हणाला, "बरं झालं. सुटलात तुम्ही. काळजी घ्या हं." तो फोन ठेवल्यावर लॉन्ड्रीवाला बराच वेळ कार्डाकडे बघत बसला. त्याच्याशी तरी पाचवं वाक्य बोलायला हवं होतं असं त्याला वाटलं.

आणि मग तो रविवार आला.

बायको बाजारात गेली होती. लॉन्ड्रीवाला मोरीत तिच्या ब्लाऊजवरचा तेलाचा डाग काढत बसला होता, कोपरापर्यंत फेस. सकाळपासून तीन फोन आले होते, रविवार असूनही, आणि तिन्ही त्यानं नीट हाताळले होते. चौथा वाजला. त्यानं न बघता बोटाच्या पेरानं स्पीकरचं बटण दाबलं, फोन कानाशीही नेला नाही, पलीकडचं माणूस तोंड उघडायच्या आत म्हणाला, "मी दिवाळखोरीचा अर्ज केलेला आहे. अर्ज क्रमांक चारशे बारा. पुढचं माझ्या वकिलांशी बोला. इथे पुन्हा फोन करू नका." एकदाही अडखळला नाही. आवाज कसा खणखणीत लागला होता.

पलीकडून एकच शब्द आला. "बरं."

तो शब्द कानावर पडला तोवर पेर बटणावर दाबलं गेलं होतं. मग त्यानं हात पुसले आणि बघितलं. दहा वाजून एक मिनिट. ताई.

परत फोन लावायला दहा सेकंद पुरे होते. त्यानं फोन उचललाही. पण काय म्हणणार? "ताई, मला वाटलं पैसे मागणारा कुणीतरी आहे." मग ताई यादीत नव्हती का? नववा नंबर कुणाचा होता? चुकून बोललो म्हणावं, तर त्यातलं एकही अक्षर चुकीचं नव्हतं. तिला सांगायचंच होतं ते, फक्त असं नाही. त्यानं फोन ओट्यावर उपडा ठेवला आणि पुन्हा डागाला लागला. डाग गेला. बायकोला त्यानं काही सांगितलं नाही.

पुढच्याच गुरुवारी नोटिसा गेल्या. त्यानंतर एकेक करून सगळे फोन थांबले, आणि दोन आठवड्यांत घर असं शांत झालं की नळातून ठिबकणारं पाणी ऐकू यायला लागलं. बायकोची झोप परत आली. ती स्वयंपाक करताना गुणगुणायला लागली. लॉन्ड्रीवाल्यालाही बरं वाटायला हवं होतं. त्याला एका हॉटेलच्या तळघरात चादरी धुण्याची नोकरी लागली होती, पगार वेळेवर होता, डोक्यावर कुणी बसत नव्हतं. पण रविवारी सकाळी दहाला तो फोन समोर घेऊन बसायचा आणि फोन काही वाजायचा नाही.

"ताई रागावल्यात," बायको म्हणायची. "साहजिक आहे. आयुष्याची पुंजी गेली त्यांची. तुम्ही करा की फोन."

"नोटीस गेलीय ना तिला. त्यात मनाई आहे."

"मनाई त्यांना आहे. तुम्हाला कुणी बांधून ठेवलंय?"

नोटिशीमुळे फोन येत नाही, असं तो स्वतःला दिवसातून दहादा समजावायचा. ताई म्हणजे शिक्का असलेल्या कागदाबाहेर पाऊल न टाकणारी बाई, तेव्हा हे पटण्यासारखंही होतं. पण नोटीस गुरुवारची. "बरं" त्याच्या आधीच्या रविवारचं. तळघरात चादरी पिळताना तो शब्द त्याच्या कानात यायचा. ताई त्यात रागावलेली नव्हती. कचेरीत साहेबानं काही सांगितल्यावर जसं म्हणायची, तसं म्हणाली होती. त्याला स्वतःची शरम वाटायची, अगदी अंगावरचे कपडे काढून फेकावेत इतकी.

असे नऊ रविवार गेले.

मग दुकान रिकामं करायचा दिवस आला. कोर्टानं नेमलेला माणूस यंत्र, काउंटर, वजनकाटा सगळ्यावर चिठ्ठ्या चिकटवत गेला. मागच्या दांडीवर न नेलेले कपडे लटकत होते. "हे गिऱ्हाइकांचे," तो म्हणाला. "हे तुमचे नाहीत, म्हणजे आमचेही नाहीत. ज्याचे त्याला देऊन टाका." लॉन्ड्रीवाला एकेका कॉलरला टाचलेला नंबर वाचत गेला. अगदी शेवटी, प्लास्टिकच्या पिशवीत, ताईचा राखाडी लोकरी कोट निघाला. मागच्या थंडीत दिला होता. बाहीवर शाई सांडली होती, ती त्यानं काढली होती, आणि मग पोचवायचा राहिला तो राहिलाच. थंडी पुन्हा तोंडावर आली होती.

रविवारी, दहाला पाच कमी असताना, तो कोट हातावर घेऊन ताईचे तीन मजले चढला. पंचावन्न वर्षांचा बाप्या, पण घंटी वाजवताना शाळेत उशिरा पोचलेल्या पोरासारखा उभा होता.

साखळी लावलेलं दार चार बोटं उघडलं. फटीत ताईचा अर्धा चेहरा दिसला. डोळ्यावर प्लास्टिकची वाटी होती, पट्टीनं चिकटवलेली.

"कोण?"

"मी."

"धाकट्या?" साखळी निघाली. "ये. तू आलास तर चालतं. मी संपर्क साधायचा नाही असं आहे त्यात, तू साधायचा नाही असं नाही. मी दोनदा वाचलंय."

"डोळ्याला काय झालं?"

"मोतीबिंदू. काढला. बारा दिवस झाले. कोट आणलास होय? तो हरवला असं धरून चालले होते मी."

"एकटी गेलीस दवाखान्यात?"

"खालची शिक्षिका आली बरोबर. तिला बिचारीला रजा टाकावी लागली. दोन दिवस रांगेत काढले."

मला का नाही सांगितलंस, असं त्याच्या तोंडावर आलं होतं. ताईनं भिंतीकडे बोट केलं. तिथे कॅलेंडरच्या खिळ्याला कोर्टाची नोटीस चिमट्यात लावलेली होती, उजव्या कोपऱ्यात लाल शाईनं आवक नंबर घातलेला.

तो स्टुलावर बसला. ताईनं कोट मांडीवर घेतला आणि बाही बोटांनी चाचपून पाहिली.

"ताई, त्यात फक्त वसुलीची मनाई आहे. वसुलीसंबंधी, असं लिहिलंय. इतर बोलायला काही हरकत नाही."

"लिहिलंय. दिसलं मला. तेव्हा डोळा चांगला होता." तिनं कोटाची बाही सरळ केली. "पण मी फोन केला असता, तुला डोळ्याचं सांगितलं असतं. तू विचारलं असतंस, खर्च किती. मी गप्प बसले असते. ती वसुलीच झाली की रे. माझा माझ्यावर भरवसा नव्हता."

लॉन्ड्रीवाल्यानं मान खाली घातली. फरशीवर एका जागी मेणबत्तीचा जुना डाग होता, तो इस्त्री आणि टिपकागदानं निघाला असता.

"राग आला होता?" त्यानं विचारलं.

"आला. न यायला काय झालं? यादी जोडली होती नोटिशीला. साबणवाला आठवा आणि मी नववी!"

"आठवतील तशी लिहिली नावं..."

"म्हणजे साबणवाला आधी आठवला?"

"नाही ताई. तुझं नाव लिहायला हात होईना, म्हणून मागे राहिलं."

ताई "हूं" म्हणाली. त्या हुंकाराचा अर्थ त्याला लागेना. त्या रविवारचा विषय ती आता काढेल, मग काढेल, म्हणून तो पिंजऱ्यातल्या आरोपीसारखा अंग चोरून बसला होता. ती काही तो काढेना. तिनं गुडघ्याचं विचारलं. तळघरात ओल असते का विचारलं. हळूहळू त्याच्या मनात एक लबाड आशा उगवली. कदाचित तिला नीट ऐकूच गेलं नसेल. कदाचित ते "बरं" तिचं नसेलच. नाहीतर इतक्या वेळात बोलली नसती का? सुटलो म्हणायला काय हरकत होती?

"तू फोन करत जा पुन्हा," तो म्हणाला. "दर रविवारी. पहिल्यासारखा."

"मनाई आहे."

"माझी हरकत नाही म्हणतोय ना मी."

"तोंडी म्हणून काय उपयोग? लेखी दे."

ती चेष्टा करत नव्हती. तिनं टेबलाकडे हात केला. लॉन्ड्रीवाल्यानं कोरा कागद घेतला आणि शाळेत शिकवतात तसा अर्ज लिहिला. विषय: दर रविवारी सकाळी दहा वाजता फोन करण्याबाबत. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून, आपण मला फोन करावा, त्यास माझी कसलीही हरकत नाही, उलट आग्रह आहे. खाली सही केली आणि वाचून दाखवला. ताईनं ऐकून घेतलं, 'उलट आग्रह आहे' पाशी तिचा ओठ जरासा हलला.

"आता आवक कर त्याची. मला अजून बारीक दिसत नाही. मागच्या खालचा नंबर घाल."

लाल पाठीची लांबट वही टेबलावरच होती. त्यानं उघडली. डावं पान आवक, उजवं पान जावक. शेवटच्या ओळी वाकड्यातिकड्या, एकीवर एक चढलेल्या, आंधळ्या हाताच्या. पण रकान्याबाहेर एकही गेलेली नव्हती. नंबर सापडला. आणि उजव्या पानावर नजर गेली ती तिथेच राहिली.

रविवार. भावास फोन. शेरा: केला नाही, नोटिशीनुसार.

त्याच्यावर, आदला रविवार. भावास फोन. केला नाही, नोटिशीनुसार. मधेच एका बुधवारी: डोळ्याचे ऑपरेशन ठरल्याचे भावास कळवणे. शेरा: कळवले नाही. एका शनिवारी: ऑपरेशनला भीती वाटते, हे भावास सांगणे. शेरा: सांगितले नाही. न केलेल्या फोनांनाही तिनं नंबर घातले होते. तो पान उलटत मागे गेला, नऊ रविवार मागे. नोटीस यायच्या आधीचा रविवार. भावास फोन, दहा वाजता. अक्षर सुरेख, ठसठशीत, तेव्हा डोळा चांगला होता. आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं: फोन लागला नाही.

त्यानं ते तीन शब्द पुन्हा वाचले. मागची तारीख घालायला साहेबाला नकार देणाऱ्या बाईनं, कुणीही वाचणार नव्हतं अशा वहीत, खोटं लिहून ठेवलं होतं. धाकट्यासाठी. तो असं बोलला हे तिला स्वतःच्या वहीतसुद्धा राहू द्यायचं नव्हतं.

"सापडला का नंबर?" ताईनं विचारलं.

"सापडला."

त्यानं अर्जाची नोंद केली. तेवढ्यावर वही मिटता आली असती. ताईनं वाट मोकळी करून ठेवली होती, तिनं बोलायचं नाही आणि यानंही बोलायचं नाही. त्यानं पट्टी घेतली, पान मागे उलटलं आणि त्या तीन शब्दांवर एक सरळ रेघ मारली. मग बारीक अक्षरात लिहायला लागला.

"एका ओळीच्या नोंदीला एवढा वेळ?" ताई म्हणाली. "काय खरडतोयस?"

"एक नोंद चुकलीय. दुरुस्त करतोय."

"माझ्या वहीत चुकीची नोंद नसते," ताई म्हणाली, पण तिचा आवाज खाली आला होता. कोटाच्या बाहीवरचा हात थांबला.

"ही आहे."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करत होतं आणि ती होत नव्हती.

"वाच," ताई म्हणाली.

त्याला वाटलं होतं, लिहिलं की झालं. पण तिला दिसत नव्हतं, म्हणजे मोठ्यानं वाचायला हवं होतं.

"फोन लागला," त्यानं वाचलं. "भावानं उचलला. कुणाचा आहे हे न बघता चार वाक्यं म्हणाला आणि ठेवला. नंतर ताईचा आहे हे बघितलं, तरी परत केला नाही. नऊ रविवार केला नाही. माफ कर." शेवटचे दोन शब्द त्याला धड वाचता आले नाहीत, ते पुन्हा वाचावे लागले.

"एवढं सगळं रकान्यात बसलं?"

"नाही. समासात गेलंय."

"हं." ताईनं वाटी न लावलेला डोळा कोटाच्या कडेनं पुसला. "सही कर. खाडाखोडीला सही लागते. तारीख घाल, आजची."

त्यानं सही केली. तारीख घातली. ताई उठली, टेबलाशी आली, त्याच्या हातातलं पेन घेतलं आणि वही चेहऱ्याच्या इतकी जवळ नेली की नाक कागदाला टेकलं. एका डोळ्यानं, एकेक अक्षर, ती सगळं स्वतः वाचत गेली. वाचून झाल्यावर त्याच्या सहीखाली, मोठ्या वाकड्या अक्षरात, तिनं लिहिलं: पाहिले. आणि खाली आपली सही केली.